रात्रीत चूल हलवणाऱ्या साहेबांस

श्री. रा. रा. ‘पुढच्या अपडेटमध्ये होईल’साहेब यांसी,

साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या जुलैत एका शुक्रवारी रात्री आम्ही सगळे झोपेत असताना तुम्ही आमची गाडी सुधारलीत. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते.

तुमचं खरं नाव मला माहीत नाही. तुम्ही कुठल्या शहरात, कितव्या मजल्यावर बसता तेही नाही. तुमची ओळख दोन वाक्यांपुरतीच. एक तुम्ही स्वतः लिहिता : ‘किरकोळ दुरुस्त्या आणि कामगिरीत सुधारणा.’ दुसरं तुमच्या वतीनं सर्व्हिस सेंटरमधला पोरगा बोलतो : ‘सर, पुढच्या अपडेटमध्ये होईल.’ पहिलं वाक्य वाचून काय बदललं ते कळत नाही आणि दुसरं ऐकून कधी बदलेल ते कळत नाही. दोन वाक्यांत एवढं मोठं खातं चालवणारा माणूस मी मंत्रालयातही पाहिलेला नाही.

एक कबुली आधीच देतो. गुन्ह्यात माझाही हात होता. आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे तुमचं अपडेट आठवडाभर ३८ टक्क्यांवर अडकून बसलं होतं. गाडी रोज सकाळी त्याची आठवण करून द्यायची. पडद्यावर दोन पर्याय असायचे : ‘आता’ आणि ‘नंतर’. ‘नको’ असा पर्याय नव्हता. लग्नाच्या बैठकीतसुद्धा मुलीला हल्ली ‘नको’ म्हणता येतं, पण ते असो. सहा दिवस ‘नंतर’ म्हटलं. सातव्या दिवशी गाडी वर रस्त्यावर आणून लावली आणि ‘आता’ दाबलं.

शनिवारी सकाळी आईला घेऊन साताऱ्याला निघालो. मावसोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. खंबाटकीच्या चढावर पावसानं गाठलं आणि दोन मिनिटांत पुढची काच आतून वाफेनं पांढरी झाली. वाफ घालवायचं बटण पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. दोन वर्षांची सवय, न बघता बोट तिथं गेलं. तिथं तुम्ही गाण्यांचं चित्र आणून बसवलं होतं. गाडीत अभंग सुरू झाला. समोर ट्रक आहे की दरी आहे हे दिसत नसताना अभंग लागावा, यात औचित्य होतं हे मान्य करायला हवं.

मागून आईनं पर्समधला रुमाल पुढं केला. एका हातानं काच पुसत, दुसऱ्या हातानं स्टिअरिंग धरून मी घाट संपवला. रुमालाला अपडेट लागत नाही, साहेब. ते बटण मला साताऱ्यात, मंगल कार्यालयाच्या दारात गाडी उभी केल्यावर सापडलं : ‘हवामान’, त्यात ‘आणखी’, त्यात तिसरं.

सोमवारी सर्व्हिस सेंटर गाठलं. पोरगा गोड होता. म्हणाला, ‘सर, लेआउट क्लीन केलाय.’ मी म्हटलं, आमचा जुना मळकाच बरा होता, तो परत टाका. म्हणाला, ‘सर, मागं जाता येत नाही.’ मग किमान ते बटण तरी जागेवर आणा. त्यावर तो जे म्हणाला त्याच नावानं हे पत्र तुम्हाला लिहिलं आहे.

पण एका बटणावरून तुमची पारख करणं बरोबर नाही. तुमची कीर्ती सातासमुद्रांपार आहे. तेव्हा आधी थोडा सत्कार करू.

जानेवारी २०१९. बीजिंगच्या चांगआन मार्गावर, म्हणजे थेट तियानानमेन चौकावरून जाणाऱ्या रस्त्यावर, निओ कंपनीची एक गाडी वाहतुकीत अडकली होती. आतल्या मंडळींनी त्या फावल्या वेळात अपडेटला होकार दिला. गाडी जागच्या जागी समाधिस्थ झाली, ती तासाभराहून अधिक काळ. काचासुद्धा खाली होईनात. ज्या रस्त्यावर क्षणभर रेंगाळलेल्या माणसाकडेही पोलीस वळून बघतात, तिथं तुम्ही एका अख्ख्या कुटुंबाएवढ्या गाडीला धरणं धरायला लावलंत. हिंमत लागते.

नोव्हेंबर २०२३मध्ये अमेरिकेतल्या रिव्हियन कंपनीनं अपडेट पाठवलं, पण भलतंच. आत चुकीची सुरक्षा-प्रमाणपत्रं जोडलेली होती. ज्या गाड्यांनी ते घेतलं त्यांच्या पडद्यांनी डोळे मिटले. कंपनीच्या अधिकाऱ्यानं प्रांजळपणे सांगून टाकलं की बोट चुकलं. माझंही बोट चुकलं होतं, खंबाटकीत. माझ्या बोटाखाली अभंग लागला. त्यांच्या बोटाखाली दुसऱ्यांच्या गाड्या होत्या.

ऑक्टोबर २०२५मध्ये जीप रँग्लरच्या हायब्रिड गाड्यांना एका शनिवार-रविवारी असंच अपडेट मिळालं आणि त्यातल्या काही चालता चालता रस्त्यावरच शक्तिहीन झाल्या. ‘आगीतून फुफाट्यात’ ही म्हण आमच्याकडे फार जुनी आहे, पण ती हवेतून, बिनतारी, घरपोच मिळायची सोय तुमच्यामुळे झाली.

आणि व्होल्वो! ज्या कंपनीनं १९५९मध्ये तीन टोकांचा सीटबेल्ट दिला, जिचं नाव सुरक्षिततेसाठी घेतलं जातं, तिच्यावरही तुमची छाया पडली. २०२५मध्ये अमेरिकेत तिच्या अकरा हजारांवर हायब्रिड आणि विजेच्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. एका विशिष्ट आवृत्तीनंतर, एका विशिष्ट मोडमध्ये, दोन्ही पेडलवरून पाय काढून गाडी उतारावर १ मिनिट ४० सेकंद सोडली, तर पुढं ब्रेक लागेनासे होण्याची शक्यता होती. १ मिनिट ४० सेकंदांचा उतार सपाट मुलखात शोधावा लागत असेल. आमच्या घाटांत तो चहाच्या दोन टपऱ्यांच्या मध्येच मिळतो. ब्रेक म्हणजे गाण्यांचं चित्र नव्हे, साहेब, एवढी नोंद तुमच्या वहीत असावी.

चुका सगळ्यांच्याच होतात. पण तुमच्या काही करामती चुकून झालेल्या नाहीत. चीनमधल्या शाओमीनं १,५४८ अश्वशक्तीची मोटार विकली आणि मे २०२५मध्ये एका अपडेटनं ती ९००च्या आसपास आणून ठेवली. पूर्ण ताकद हवी तर शर्यतीच्या ट्रॅकवर ठरावीक वेळेत फेरी मारून पात्रता सिद्ध करा, असा फतवा निघाला. पैसे भरून घेतलेले सहाशेहून अधिक घोडे एका रात्रीत तबेल्यातून गेले. मालक इतके संतापले की कंपनीला ते परत आणून बांधावे लागले. बीएमडब्ल्यूनं काही देशांत सीट गरम करायची सोय मासिक भाड्यानं द्यायचं ठरवलं होतं. तारा सीटमध्ये आधीच घातलेल्या, उरलं होतं फक्त कुलूप उघडणं. लोकांनी एवढी टर उडवली की २०२३मध्ये तो बेत गुंडाळला गेला. बैल विकायचा आणि शिंगं भाड्यानं लावायची, हा व्यवहार आमच्या कुठल्याच बाजारात चालला नसता.

आता सत्कार आटोपता घेतो आणि तुमची बाजूही मांडतो, कारण ती आहे.

मे २०१८मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’नं टेस्लाच्या मॉडेल ३ची चाचणी घेतली. ताशी ६० मैलांच्या वेगावरून थांबायला तिला १५२ फूट लागले. काही दिवसांतच कंपनीनं ब्रेकचं सॉफ्टवेअर बदलून हवेतून पाठवलं आणि तीच गाडी १३३ फुटांत थांबली. एकही पाना न फिरवता १९ फूट वाचले. १९ फुटांत एक माणूस, त्याची सायकल आणि तिच्यावरचं पोर आरामात मावतं. हे पुण्य तुमच्या खात्यावर आहे, मी ते पुसणार नाही.

हवेतून अपडेट येत नसलं की काय होतं तेही पाहा. २०१५मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी घरात बसून, मैलोगणती दूर धावणाऱ्या जीप चेरोकीचा ताबा घेऊन दाखवला. त्यानंतर १४ लाख गाड्यांची दुरुस्ती करायची वेळ आली, तेव्हा कंपनीनं मालकांना पेनड्राइव्ह पोस्टानं धाडले. पाकिटातून आलेला पेनड्राइव्ह गाडीत खुपसणं ही सुरक्षेची पहिली पायरी, हा विनोद मी केलेला नाही. त्या दिवसांच्या मानानं तुम्ही नक्कीच बरे.

शिवाय तुमचं काम सोपं नाही, हेही मला समजतं. फोनमध्ये एक डोकं असतं. महागड्या गाडीत शंभराच्या घरात छोटे संगणक असतात : ब्रेकचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, बॅटरीचा वेगळा, दाराच्या काचेचाही वेगळा. प्रत्येकाचा पुरवठादार निराळा, भाषा निराळी, मिजास निराळी. एकाला नवं शिकवलं की शेजारच्या चौघांना ते समजतं का, हे तपासावं लागतं. त्यात २०२१च्या चिपटंचाईत कंपन्यांना जी मिळेल ती चिप बसवावी लागली. त्यामुळे बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोन गाड्यांचं पोट आतून वेगळं असू शकतं. लाडवाच्या एकाच पंगतीत कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे हे वाढप्याला माहीत असावं, तशी ही अपेक्षा. मागं जाता येत नाही यालाही कारण आहे. जुनी आवृत्ती परत टाकायची वाट मोकळी ठेवली, तर जुन्या आवृत्तीतली भगदाडंही परत मिळतात आणि चोर त्याच वाटेनं येतो.

हे सगळं मान्य. पण म्हणूनच तर विचारतो : काम इतकं अवघड आहे, तर मग ते गाडी विकायच्या आधी का संपवत नाही?

पुण्यात राहणाऱ्या माणसाला तुमचा धंदा चटकन ओळखता येतो. आमच्याकडचे काही बिल्डर असाच ताबा देतात. पेढे वाटतात, किल्ली देतात, फोटो काढतात. लिफ्ट पुढच्या महिन्यात, पाणी त्याच्या पुढच्या महिन्यात, आणि भोगवटा पत्राचं नाव काढलं की साहेब साइटवर असतात. मोटारधंद्यात हे आपण पाहिलेलंच आहे. २०२०मध्ये फोक्सवॅगनची आयडी.३ तयार होती, पण तिचं सॉफ्टवेअर तयार नव्हतं. हजारो गाड्या मैदानांत उभ्या राहिल्या. सुरुवातीच्या ग्राहकांना सांगण्यात आलं की गाडी आत्ता न्या, काही सोयी पुढच्या वर्षी मिळतील. जगातल्या सर्वांत काटेकोर समजल्या जाणाऱ्या कारखानदारांनी दिवाळीच्या आदल्या दिवशीच्या शिंप्याची भाषा बोलावी, हे तुमचं खरं यश. ‘शर्ट घेऊन जा हो, बाह्या मागाहून लावू.’

पूर्वी कारखान्यातून गाडी बाहेर पडली की इंजिनिअरला धाकधूक असे, कारण चूक परत आणायला हजारो माणसांना पत्रं धाडावी लागत. ती धाकधूक हाच गाडीचा सर्वांत महत्त्वाचा सुटा भाग होता आणि तो कुठल्याच बिलात दिसत नसे. तुम्ही तो काढून टाकलात. ‘नंतर दुरुस्त करता येईल’ ही सोय होती, तिचं हळूहळू ‘नंतर दुरुस्त करू’ झालं. चाचणी घेणाऱ्यांचं काम आमच्याकडे आलं. पगार तेवढा आला नाही.

आणि ‘नंतर’ म्हणजे किती नंतर? आमच्याकडे नव्या खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची होते. तुमची नजर किती वर्षांची? टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांमध्ये ८ जीबीची एक मेमरी चिप होती. तिच्यावर सतत लिहिलं-पुसलं जाऊन ती झिजायची. टायर झिजतो, क्लच झिजतो, पण वहीत लिहून लिहून गाडी झिजली, हे नवं होतं. ती गेली की पडदा जायचा, मागचा कॅमेरा जायचा आणि, लक्ष द्या साहेब, काचेवरची वाफ घालवायची व्यवस्थाही हाताबाहेर जायची. २०२१मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवल्या गेल्या. पुढच्याच वर्षी सॉफ्टवेअरच्या चुकीनं काच नीट साफ होत नाही म्हणून त्याच कंपनीच्या आणखी साडेसव्वीस हजारांवर गाड्या. तेव्हा मला कळलं की खंबाटकीत माझ्यावर आलेली वाफ एकटी नव्हती. तिचं घराणं आहे.

दुसरा प्रश्न विचारायला जड जातो. तुम्हीच नसलात तर? अमेरिकेतली फिस्कर कंपनी जून २०२४मध्ये दिवाळखोरीत गेली. ओशन नावाच्या तिच्या गाड्या रस्त्यावर होत्या, अपडेटांची वाट बघत होत्या, आणि अपडेट पाठवणारेच उरले नव्हते. शेवटी मालकांनी आपली संघटना काढली आणि स्वतःच डोकं लढवायला बसले. आजवर गाडी विकत घेणारा माणूस इंजिन बघायचा, मायलेज बघायचा. आता त्यानं कंपनीची कुंडलीही बघायची, मृत्युयोगासकट.

कायदा झोपलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०२०मध्ये आर१५६ नावाचा नियम मंजूर झाला, तो खास तुमच्यासाठी. अपडेटआधी मालकाला सांगा : ते कशासाठी आहे, काय बदलणार, किती वेळ लागणार, त्या काळात काय बंद राहणार. युरोपात जुलै २०२४पासून नव्या गाड्यांना तो बंधनकारक आहे. आपल्याकडेही त्याच धर्तीवर एआयएस-१९० हे मानक लिहिलं गेलं आहे. ही मानकं जिथून निघतात ती एआरएआय पुण्यातच, वेताळ टेकडीच्या अंगाला, माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. आर१५६मध्ये एक फार सुंदर तरतूद आहे. अपडेट अर्धवट फसलं, तर गाडीला आधीच्या आवृत्तीवर किंवा किमान सुरक्षित स्थितीत आणता आलं पाहिजे. माझी शंका एवढीच : अपडेट यशस्वी झालं आणि मालक फसला, तर?

म्हणून काही नम्र मागण्या. फार नाहीत, चारच.

पहिली, पडद्यावर ‘नको’ असं एक बटण द्या. सुरक्षेची दुरुस्ती वेगळी पाठवा, रंगरंगोटी वेगळी. औषध साखरेत घालून देतात हे ठीक, पण तुम्ही साखरेच्या पोत्यात औषधाची एक गोळी टाकून पोतं खांद्यावर देता.

दुसरी, काय बदललं ते माणसाच्या भाषेत लिहा. ‘वाफ घालवायचं बटण तीन दारांआड नेलं आहे’ असं एक वाक्य असतं, तर मी शुक्रवारी रात्रीच ते शोधून ठेवलं असतं.

तिसरी, ज्या गोष्टी माणूस न बघता हातानं शोधतो त्यांना हात लावू नका. वायपर, वाफ, दिवे, हॉर्न. यांची जागा ही सजावट नसते. ती चालवणाऱ्याच्या बोटांत लिहिलेली असते आणि तिथं तुमचं अपडेट पोचत नाही.

चौथी, किती वर्षं सांभाळणार ते गाडीच्या बिलावर लिहून द्या. इंजिनाला वॉरंटी असते, बॅटरीला असते. तुमच्या शब्दाला का नसावी?

या मागण्यांवर तुमचं उत्तर काय येणार ते मला ठाऊक आहे. ते वाक्य मी स्वतःही वापरून पाहिलं. त्या महिन्यात बँकेतून गाडीच्या हप्त्यासाठी फोन आला, तेव्हा मी म्हटलं, ‘पुढच्या अपडेटमध्ये होईल.’ तिकडची बाई दोन सेकंद गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘सर, पाच तारखेच्या आत.’ तुमच्या उद्योगात तारीख सांगणारं माणूस कुठल्या टोकाला बसवलं आहे ते तेव्हा समजलं.

आता एकच सांगायचं राहिलं. साताऱ्याहून परतताना पाऊस थांबला होता. आई बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, ‘गाडी आपल्याच नावावर आहे ना रे?’ म्हटलं, हो. ‘मग त्यातल्या वस्तू रात्रीत कोण हलवतं?’ मी तिला सगळं समजावून सांगितलं : कंपनी, सर्व्हर, आवृत्ती, सुरक्षा. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाली, ‘तुझी आजी किती कडक होती, तुला ठाऊक आहे. तिच्यापुढं घरात कुणाचं काही चालायचं नाही. पण चूल इकडची तिकडं हलवायची झाली, तेव्हा तिनंसुद्धा मला आधी विचारलं होतं. म्हणाली, अंधारात उठून पेटवणार तू आहेस.’

कळावे, लोभ असावा.

आपला विनावेतन परीक्षक,
(आरसी बुकात नोंद : मालक)